आधी तिथी बघा, मग पक्षी: कोकण किनाऱ्यावर पक्षी बघायला सुरुवात करताना

अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर मी पहिल्यांदा पक्षी बघायला गेलो तेव्हा गळ्यात नवी कोरी दुर्बीण होती, डोक्यावर टोपी होती आणि घड्याळात दुपारचे बारा वाजले होते. समुद्र इतका आत गेला होता की किनारा संपून ओल्या वाळूचं माळरान सुरू झाल्यासारखं वाटत होतं. त्या माळरानाच्या पार टोकाला, तापल्या हवेत थरथरणारे काही ठिपके होते. दुर्बिणीतून ते मोठे थरथरणारे ठिपके दिसले. जवळ होते ते तीन कावळे आणि माझ्याकडे संशयाने बघणारं एक कुत्रं. दीड तासाने मी शहाळं पिऊन परत फिरलो. दुर्बीण विकावी का, हा विचार एस.टी.त बसेपर्यंत पक्का झाला होता.

नंतर कळलं की त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीच्या दुपारी बारा वाजता इथे पूर्ण ओहोटी असते, हे आक्षीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराने मला फुकट सांगितलं असतं. म्हणून हा लेख पक्ष्यांच्या नावांपासून सुरू होत नाही. नावं पुढे येतील.

पहिली पायरी: भरतीचं गणित

रानातला पक्षी सकाळ-संध्याकाळ पाळतो. किनाऱ्यावरचा पक्षी भरती-ओहोटी पाळतो, मग ती मध्यरात्री का असेना. ओहोटीला चिखल आणि वाळू उघडी पडते, त्यातले किडे, खेकडे, शिंपल्या खायला तो दूरवर पांगतो. भरतीचं पाणी चढू लागलं की खायची जागा आकसत जाते आणि सगळे पक्षी पाण्याच्या पुढे सरकत सरकत किनाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे येतात. पूर्ण भरतीला ते वाळूच्या एखाद्या दांड्यावर, खडकावर किंवा मागच्या मिठागरात दाटीवाटीने उभे राहून विश्रांती घेतात. तेव्हा तुमची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास. ओहोटी लागल्यावरचा पहिला तासही चांगला असतो, पण पक्षी तेव्हा घाईने लांब जात असतात.

भरतीची वेळ सांगणारी अ‍ॅप आहेत, तक्ते आहेत. तरी कोकणातला जुना हिशेब शिकून घ्या, कारण तो डोक्यात राहतो आणि त्याला रेंज लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसात दोन भरत्या, त्यामुळे सकाळी नऊला आली तर रात्रीही साधारण साडेनवाला येणार. भरती रोज अंदाजे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला. मुंबईच्या मानाने रत्नागिरी, मालवण, गोवा असं दक्षिणेला जावं तशी भरती थोडी आधी येते.

भरती किती मोठी, हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं, गोव्यात मात्र दोन मीटरच्या आसपासच. भांगाच्या दिवसांत पाणी चढतं ते कंटाळल्यासारखं. बराचसा चिखल उघडाच राहतो आणि पक्षी लांबच राहतात. ऐन उधाणाला उलट, सगळी पुळण पाण्याखाली जाते आणि पक्षी मागे कुठेतरी निघून जातात. दोन्हींच्या मधले दिवस पुळणीसाठी उत्तम. खाडीत मात्र उधाणच हवं, कारण तिथला चिखल अफाट असतो आणि मोठं पाणीच पक्ष्यांना काठाशी आणतं.

हे समजून घ्यायचं असेल तर एकदा अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्यासमोर अर्धा दिवस बसा. सकाळी लोक चालत, घोडागाडीने किल्ल्यात जाताना दिसतील. दुपारपर्यंत त्याच वाटेवर पुरुषभर पाणी असेल आणि किल्ल्यात रेंगाळलेले चार जण तटावरून हात हलवत असतील.

दुसरी पायरी: ऊन कुठे आहे ते बघा

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असतो, रंग स्वच्छ दिसतात. दुपारी तीननंतर समुद्र चकाकतो आणि सगळे पक्षी काळे होतात. सूर्यास्ताला सावल्या सुंदर दिसतात, फोटोही छान येतात, पण त्यावरून चिखल्यासारखा छोटा किनारपक्षी ओळखायला जाल तर भांडणं होतील.

आता दोन्ही पायऱ्या जोडा. सकाळचं ऊन हवं आणि भरती साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान हवी. म्हणजे पाऊणपटीच्या हिशेबाने एकादशी ते चतुर्दशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑक्टोबर ते मार्चमधल्या एकादश्यांना गोल करून ठेवा. त्यातली एखादी रविवारी आली तर घरी उपास सांगून निघता येतं.

मुंबईच्या खाडीकाठी दिशा बदलतात. शिवडीचा काठ पूर्वेकडे बघतो, तिथे दुपारचं ऊन पाठीशी येतं. ठाणे खाडीच्या ऐरोलीच्या बाजूने सकाळ बरी, भांडुपच्या बाजूने दुपार.

तिसरी पायरी: सामान (थोडकंच)

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घ्या. दहापट मोठी दिसणारी घ्यावीशी वाटेल, पण किनाऱ्यावर वारा असतो, हात हलतो आणि दहापटीत ते हलणंही दहापट दिसतं. टेलिस्कोपसारखा स्पॉटिंग स्कोप ही या छंदातली खरी चैन आहे. पहिल्या वर्षी घेऊ नका. ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मैत्री करा. घरी आल्यावर दुर्बिणीची काच रुमालाने घासू नका, तिच्यावर वाळू आणि मीठ असतं. आधी फुंकर, मग ब्रश, मग जरासं गोड्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं.

याशिवाय छोटी वही आणि पेन्सिल (शाई खाऱ्या हवेत पसरते), पाणी, टोपी, आणि चिखलातून सहज निघणाऱ्या सँडल. बूट नकोत. पांढराशुभ्र शर्टही नको. खाकी हवाच असं नाही, विटका कुठलाही चालतो.

चौथी पायरी: बसायला शिका

हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नाही, तिसऱ्या (शिंपल्या) वेचणाऱ्या बायकांनी शिकवलं.

ओहोटीला आक्षी-नागावच्या पट्ट्यात बायका ओणव्या होऊन वाळू उकरत तिसऱ्या गोळा करत असतात. त्यांच्यापासून पंधरा-वीस पावलांवर चिखल्यांचा थवा निवांत चरताना मी कितीदा पाहिला आहे. मी पन्नास पावलांवर गेलो की तोच थवा उडतो. खूप दिवस मला वाटायचं की त्यांना माणसं ओळखीची झाली असतील. मग लक्षात आलं, त्या बायका कधीच पक्ष्यांकडे चालत जात नाहीत. त्या वाकलेल्या असतात, हळू आणि वाकड्यातिकड्या सरकतात, पक्ष्यांकडे टक लावून बघत नाहीत. मी ताठ उभा, नाकासमोर सरळ, डोळ्यांना दोन मोठी भिंगं लावून त्यांच्यावर चालून जात होतो. शिकारी असाच येतो.

त्यांच्यातल्याच एका मावशीने मला वाचवलंही आहे. एकदा कोरल नावाच्या लांब चोचीच्या पक्ष्याच्या मागे मी खाडीच्या तोंडाशी गेलो. मागून हाक आली, "ए पोरा, तिकरं नको जाव, रुतशील!" मी ऐकलं नाही. चार पावलांत गुडघ्यापर्यंत आत गेलो. मावशींनी टोपली पालथी घालून माझ्यापुढे सरकवली, तिच्यावर हात टेकून, आडवा होऊन बाहेर आलो. एक चप्पल अजून तिथेच आहे. कोरल हे सगळं शांतपणे बघत होता.

तर नियम असे. भरतीच्या आधी दोन तास पोचा. पक्षी जिथे येतील असं वाटतं, त्या जागेपासून शंभरेक पावलांवर, सुरूच्या झाडाच्या बुंध्याशी किंवा पालथ्या पडलेल्या होडीच्या आडोशाला बसा आणि पाण्याला पक्षी आणू द्या. चालायचंच झालं तर तिरकं चाला, थांबत थांबत. पक्ष्यांनी खाणं थांबवलं, माना उंच केल्या, तुमच्यापासून चालत दूर जाऊ लागले, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथून मागे या. ते उडाले म्हणजे तुम्हाला छान फोटो मिळाला, पण त्यांची विश्रांती गेली. सायबेरियातून आलेल्या आणि मार्च-एप्रिलमध्ये तितकंच अंतर परत कापायचं असलेल्या पक्ष्याला अंगात चरबी साठवायची असते. दिवसातून दहा वेळा उडवलं तर ती साठत नाही. हल्ली पुळणींवर चारचाकी मोटारसायकली आणि पळवायला आणलेली कुत्री इतकी झाली आहेत की आपण तरी त्यांत भर घालू नये.

चिखलात उतरू नका हे वर आलंच. खडकांवर बसलात तर परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हे दर पंधरा मिनिटांनी मागे वळून बघा. भरती समोरून येते असं आपल्याला वाटतं. खडकाळ भागात ती मागून येते.

पाचवी पायरी: चोच, पाय, चाल

आता पक्षी. नवखा माणूस रंगापासून सुरू करतो आणि फसतो, कारण हिवाळ्यात इथे येणारे बहुतेक किनारपक्षी वरून मातकट-राखी आणि खालून पांढरेच असतात. त्यांचे खरे रंग विणीच्या हंगामातले, आणि वीण इथे होत नाही. तेव्हा तीन प्रश्न विचारा. चोच किती लांब आणि कुठे वळलेली? पाय कुठल्या रंगाचे? चालतो कसा? सोबत आकार, आणि तो सेंटीमीटरमध्ये नको. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा असं लिहा.

चालीने निम्मं काम होतं. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, धावतो, थबकतो, एकच टोच मारतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे असतात, तो बघून खातो. तुतवार आणि टिलवा यांच्या कुळातले पक्षी मान खाली घालून टोचत टोचत चालतात, शिवणयंत्राच्या सुईसारखे, कारण त्यांना भक्ष्य दिसत नसतं, चोचीच्या टोकाला ते जाणवतं. लांबून ठिपका दिसला तरी तो थबकणारा आहे की शिवणारा, एवढं कळतंच.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत एवढेच ओळखा:

समुद्र बगळा. इथला कायमचा रहिवासी. एक रूप पाटीसारखं करडं-काळं आणि गळा पांढरा, दुसरं रूप पूर्ण पांढरं. काळा बगळा दिसला म्हणून नवीन जात सापडल्याचं कोणाला कळवू नका, मी कळवलं होतं.

तुतवार. एकटा असतो, काठाने चालताना शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवतो. खांद्यापुढे पांढरी पट्टी वर चढलेली दिसते.

लाल पायांचा रेडशँक. साळुंकीपेक्षा मोठा, पाय नारिंगी-लाल, उडाला की पंखांची मागची कड पांढरी. हा किनाऱ्याचा पोलीसपाटील. तुम्ही दिसलात की हा आधी ओरडतो आणि मग सगळा किनारा उडतो. त्याचा एक चुलतभाऊ ग्रीनशँक, पाय हिरवट, चोच किंचित वर वळलेली.

छोटा टिलवा. चिमणीएवढा, पाय काळे, चोच छोटी आणि सरळ. शेकड्यांनी.

सँड प्लोव्हर आणि केंटिश चिखल्या. दोन्ही छोटे, दोन्ही थबकणारे. केंटिशच्या मानेमागे पांढरा पट्टा जातो, सँड प्लोव्हरला तो नसतो. त्यातला आपल्याकडे जास्त दिसणारा सँड प्लोव्हर तिबेटच्या पठारावर, लडाखसारख्या उंच मुलखात घरटी करतो.

कोरल, म्हणजे कर्ल्यू. कावळ्यापेक्षा मोठा आणि चोच खाली वळलेली, इतकी लांब की पक्ष्याला तिचं ओझं होत असेल असं वाटतं. त्याचा छोटा भाऊ व्हिम्ब्रेल. त्याची चोच आखूड आणि डोक्यावर गडद पट्टे. कोरल "कुर्र-ली" असा ओरडतो. मालवणीत कुर्ली म्हणजे खेकडा, आणि कोरलाचा तो आवडता खाऊ. ताटातल्या पदार्थाचं नाव घेत उडणारा दुसरा पक्षी मला माहीत नाही.

सँडरलिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हिवाळ्यातल्या वाळूच्या पुळणीवर तुमची त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता बरीच आहे. फिकट, जवळजवळ पांढरा पक्षी, खांद्याशी एक काळसर डाग. लाट मागे सरली की दहा-बारा जणांचा घोळका तिच्यामागे धावत जातो. पाय इतके भराभर हलतात की पाय दिसतच नाहीत, फक्त पोटं वाळूवरून घसरताना दिसतात. लाटेने उघडं केलेलं काहीबाही ते उचलतात आणि पुढची लाट आली की तिच्या फेसाच्या बोटभर पुढे धावत वर येतात. लाट मोठी असली तरच उडतात, तेही नाइलाजाने. ते निघून गेल्यावर ओल्या वाळूवरचे ठसे बघा. तीनच बोटं उमटलेली असतात. सँडरलिंगला मागचं बोट नसतं, बाकीच्या टिलव्यांना छोटंसं असतं. पक्षी न दिसता पक्षी ओळखायचा हा पहिला धडा आणि तो फुकट आहे. फक्त लाट यायच्या आत वाचावा लागतो.

नारिंगी चोचीचा, काळापांढरा, ठसठशीत ऑयस्टरकॅचर दिसला तर दिवस सत्कारणी लागला समजा. तो तिसऱ्या आणि कालवं फोडून खातो, म्हणून त्याला मराठीत कालवफोड्या म्हणतात. सगळीच मराठी नावं मात्र इतकी सरळ नाहीत. पुस्तकागणिक ती बदलतात आणि किनाऱ्यावर भेटणारे जाणकार बहुतेक इंग्रजी नावंच घेतात. दोन्ही वहीत लिहीत जा.

थवा मोजायचा असेल तर एकेक मोजू नका. दहा पक्षी मोजा, दहाची जुडी नजरेत केवढी दिसते ते लक्षात ठेवा आणि मग जुड्या मोजा. मेथी मोजतो तसं. कोणाच्या पायात रंगीत पट्टी किंवा छोटा ध्वज दिसला तर रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली आणि त्यावरची अक्षरं टिपून घ्या. शक्य झालं तर फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची ही संस्था पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करते. तुमच्या बाकीच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यात तर त्याही कामी येतात. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि त्यात नवख्यांना सोबत घेतात. स्कोपवाल्या मित्राची गाठ तिथेच पडेल.

सहावी पायरी: जागा

पहिली जागा घराच्या जवळची असावी, प्रसिद्ध नसली तरी चालेल. एकाच किनाऱ्यावर सहा महिन्यांत दहा वेळा गेलात तर दहा किनारे एकेकदा बघण्यापेक्षा जास्त कळतं.

मुंबई-ठाण्याच्या लोकांना ठाणे खाडी. २०१५ साली ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली तिला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून बोटी सुटतात, त्याही भरतीच्या हिशेबाने, म्हणून वेळ आधी विचारून जागा राखून ठेवा. सगळे रोहित बघायला जातात आणि गुलाबी रंग दिसला की बाकीचं काही दिसत नाही. नजर जरा खाली आणा. त्याच चिखलावर हजारोंनी गॉडविट असतात. लांब सरळ चोच, आणि उडाले की काळी शेपटी व पंखांत पांढरी पट्टी.

रायगडात आक्षी, आणि पुढे मुरूडच्या वाटेवरचं नांदगाव. आक्षीला गेलात तर शके ९३४ चा शिलालेखही बघून या, मराठीतला फार जुना कोरीव लेख आहे. भरती उतरेपर्यंत वेळ असतोच. रत्नागिरीला भाट्याची पुळण आणि मिरकरवाडा बंदर. दापोलीकडे हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथे हिवाळ्यात कुरव (गल) आणि बारमाही ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. गोव्यात मोरजी, शापोरा नदीच्या मुखाशी. तिथे वाळूच्या पट्ट्यावर कुरव आणि सुरय (टर्न) यांची मोठी बैठक भरते. समुद्र गरुड हवा असेल तर किनाऱ्यालगतची उंच जुनी झाडं आणि मोबाईलचे मनोरे तपासत चला.

सातवी पायरी: लाँचवरचे कुरव

गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच ही समुद्रपक्षी शिकायची सगळ्यात सोपी शाळा आहे. नोव्हेंबर ते मार्च कुरव लाँचच्या मागे अगदी हाताच्या अंतरावर उडत येतात, दुर्बीण लागत नाही. बहुतेक दोन जातींचे असतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. नावावर जाऊ नका. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका उरतो. डोळा बघा. मोठ्या झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट असतं, त्यामुळे तो रागावल्यासारखा दिसतो. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि भोळा. मग पंखाचं टोक बघा. पहिल्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र. पाऊण तासाच्या प्रवासात पन्नास वेळा सराव होतो. पहिल्याचं उन्हाळी घर लडाख-तिबेटची तळी आहेत.

लोक त्यांना गाठ्या आणि चिप्स फेकतात. पाकिटं विकायला माणसंही उभी असतात. मीठ, तेल आणि मैदा हा त्यांचा आहार नव्हे. मी एकदा एका कुटुंबाला तसं सांगितलं. त्यांच्या आजींनी माझ्याकडे बघून अख्खं पाकीट उलटं केलं. तेव्हापासून मी सांगत नाही, फक्त स्वतः टाकत नाही.

कुरव आणि सुरय यांत गोंधळ होतो. कुरव अंगाने भरलेला, पाण्यावर आरामात तरंगतो. सुरय सडपातळ, पंख टोकदार, शेपटी बहुधा दुभंगलेली, चोच खाली रोखून उडतो आणि मासा दिसला की सूर मारतो.

आठवी पायरी: खोल समुद्र आणि पावसाळा

काही पक्षी किनाऱ्याला येतच नाहीत. शिअरवॉटर, पेट्रेल, स्कुआ ही मंडळी खोल समुद्रावर असतात. त्यांच्यासाठी मच्छीमारांच्या बोटीतून जावं लागतं आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. उलटीच्या गोळ्या निघण्याआधी घ्यायच्या असतात, सुरू झाल्यावर नव्हे, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय घरटी करतात आणि तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वस्ती आहे. तिथे उतरायचा हट्ट धरू नका. घरट्यावरची मादी उडाली की अंडी उन्हात भाजतात.

एप्रिलमध्ये एकदा तरी किनाऱ्यावर जा. हिवाळाभर मळक्या दिसलेल्या सँड प्लोव्हरची छाती तेव्हा विटकरी-तांबडी झालेली असते आणि चार महिने ओळखीचा असलेला पक्षी तुम्ही पुन्हा पुस्तकात शोधता. मग एका आठवड्यात पुळण रिकामी होते.

जून-जुलैत मासेमारी बंद, किनारा ओस, आणि नेमके तेव्हाच वाऱ्याने झोडपलेले खोल समुद्रातले पक्षी वाळूवर येऊन पडतात. सुरय, नॉडी, कधी मास्क्ड बूबी. असा पक्षी धडधाकट दिसला तरी समुद्रात परत फेकू नका, तो दमून आलेला असतो. अंगावर टॉवेल टाकून अलगद उचला. बूबीची चोच डोळ्याचा नेम धरते, तेव्हा तोंड लांब ठेवा. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, फोटोसाठी चार जणांत फिरवू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर जाताना मी गाडीत एक रिकामा खोका ठेवतो. सुरय असेल तर बुटांचा पुरतो. बूबीसाठी मिक्सरचासुद्धा पुरला नव्हता, शेवटी वडापावच्या गाडीवाल्याकडून टोमॅटोचं क्रेट आणलं आणि वरून माझा रेनकोट बांधला. परत येताना भिजलो.